३४ मिलिमीटरचा झोन

मागच्या आठवड्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या सेमिस्टरची एक मुलगी लॅबमध्ये आली. हातात पेट्री प्लेट आणि चेहरा खुललेला. "ताई, बघा ना! ओव्याच्या तेलाचा झोन ३४ मिलिमीटर आलाय. बाजूला जेंटामायसिन आहे, त्याचा फक्त १९. म्हणजे तेल अँटिबायोटिकपेक्षा भारी ना?" प्रोजेक्टचा निष्कर्ष तिने मनातल्या मनात लिहूनही टाकला होता: औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर ओव्याचं तेल हा प्रभावी पर्याय आहे.

मी लगेच "नाही" म्हटलं नाही. तीन वर्षांपूर्वी अशीच एक प्लेट घेऊन मीसुद्धा आमच्या मॅडमसमोर उभी होते. मॅडमनी प्लेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "डिस्कवर किती टाकलंस?" मला तेव्हा तो प्रश्न किरकोळ वाटला होता.

वनस्पतींची बाष्पनशील तेलं, म्हणजे आपण ज्यांना इसेन्शियल ऑइल म्हणतो ती, आणि औषधप्रतिरोधक जिवाणू हा विषय पीएच.डी.साठी फार जणांना खुणावतो. साहजिक आहे. कच्चा माल बाजारात मिळतो, क्लेव्हेंजरचं काचेचं उपकरण बहुतेक वनस्पतिशास्त्र विभागांत असतं, तीन तासांत तेल हातात येतं आणि पहिल्याच प्लेटवर निकाल दिसतो. शिवाय प्रश्न खरोखर गंभीर आहे. २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या जागतिक अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट जिवाणूंच्या औषधप्रतिरोधामुळे झाले आणि सुमारे ४९.५ लाख मृत्यूंशी त्याचा संबंध होता. तेव्हा विषय निवडण्यात काही चूक नाही. चूक पुढे होते, बहुतेक वेळा पहिल्या प्लेटवरच.

किती टाकलंस?

प्रतिजैविकांच्या डिस्क ठरलेल्या मात्रेच्या येतात. जेंटामायसिनच्या डिस्कवर १० मायक्रोग्रॅम औषध असतं. तेलासाठी आपण कोरी डिस्क घेतो आणि पिपेटने त्यावर १० मायक्रोलिटर तेल सोडतो. ओव्याच्या तेलाची घनता साधारण ०.९ धरा. १० मायक्रोलिटर म्हणजे ९ मिलिग्रॅम, म्हणजे ९००० मायक्रोग्रॅम. जेंटामायसिनच्या ९०० पट! एका पैलवानाच्या अंगावर ९०० माणसं सोडायची आणि मग "आमच्या गावची माणसं पैलवानापेक्षा ताकदवान" असं जाहीर करायचं, तसं झालं हे.

दुसरी अडचण आगरची. झोन म्हणजे एक शर्यत असते. एकीकडे औषध आगरमधून बाहेर पसरत असतं आणि दुसरीकडे जिवाणू वाढत असतात. जिथे वाढ औषधाला गाठते तिथे झोनची कड पडते. जेंटामायसिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे ते आगरमधून नीट पसरतं. तेल पाण्यात मिसळत नाही. त्यातलं काही पृष्ठभागावरून ओघळतं, काही उडतं, आणि उडालेली वाफ झाकणाखाली कोंडून खालच्या जिवाणूंची वाढ थांबवते. म्हणजे ३४ मिलिमीटरमध्ये किती वाटा पसरण्याचा, किती वाफेचा आणि किती खऱ्या ताकदीचा, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. उलटही होतं. एखादा जड, कमी पसरणारा घटक प्रभावी असूनही झोन छोटा देतो.

शिवाय जेंटामायसिनचा १९ हा आकडा एकटा नसतो. त्याच्यामागे प्रमाणित तक्ते असतात. किती मिलिमीटरच्या पुढे जिवाणू 'संवेदनशील' आणि किती खाली 'प्रतिरोधक' हे हजारो नमुन्यांवरून आणि रुग्णांना मिळणाऱ्या मात्रेवरून ठरवलेलं असतं. ओव्याच्या तेलाला असा तक्ता नाही. त्यामुळे "हा जिवाणू तेलाला संवेदनशील आहे" या वाक्याला, खरं सांगायचं तर, अर्थच नाही. दहा तेलांतून पुढच्या कामासाठी दोन निवडायची असतील तर डिस्क वापरा, जरूर वापरा. पण तिच्यावर निष्कर्ष उभा करू नका.

टक्क्यांची जादू

पुढची पायरी म्हणजे एमआयसी, ज्या कमीत कमी संहतीला जिवाणूंची डोळ्यांना दिसणारी वाढ थांबते ती. ही सहसा ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये काढतात. या खळग्यांना लॅबमध्ये सगळे 'वेल' म्हणतात, मीही तेच म्हणेन. प्रत्येक वेलमध्ये संहती आधीच्या निम्मी करत जायची, जिवाणूंची मोजलेली संख्या टाकायची (मिलिलिटरला सुमारे ५ लाख), रात्रभर ३५ अंशांच्या आसपास ठेवायचं आणि सकाळी वाचायचं.

इथे तेलांच्या पेपरांमधली एक खोड लक्षात ठेवा. एमआयसी टक्क्यांत दिलेली असते. "फक्त ०.५ टक्के तेलाने वाढ थांबली" असं वाचलं की वाटतं, वा, अर्धा टक्काच! आता गणित करा. ०.५ टक्के म्हणजे मिलिलिटरला ५ मायक्रोलिटर, म्हणजे सुमारे ४५०० मायक्रोग्रॅम. तुलनेसाठी, प्रयोगशाळेत नियंत्रण म्हणून वापरतात त्या संवेदनशील ई. कोलायवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनची एमआयसी मिलिलिटरला ०.००४ ते ०.०१६ मायक्रोग्रॅमच्या दरम्यान यायला हवी. मधलं अंतर लाखांच्या पटीत आहे. पेपर वाचताना पेन घ्या आणि प्रत्येक एमआयसी मायक्रोग्रॅममध्ये बदलून समासात लिहा. मी हे उशिरा शिकले.

रिओस आणि रेसिओ या दोघांनी २००५ मध्ये यासाठी एक मोजपट्टी सुचवली होती, तीही बघा. अर्काची चाचणी मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या वर आणि शुद्ध घटकाची ०.१ मिलिग्रॅमच्या वर करूच नये, आणि खरं लक्ष देण्याजोगी क्रिया म्हणजे अर्कासाठी १०० मायक्रोग्रॅमच्या खाली, शुद्ध घटकासाठी १० च्या खाली, असं त्यांचं म्हणणं. ही पट्टी तेलांना कडक वाटते. वाटू दे. तुमचं तेल तिच्यात बसत नसेल तर ते कोणत्या कामासाठी चालेल, हा प्रश्न तुम्हाला लवकर पडेल, आणि तो लवकर पडलेला बरा.

तेल पाण्यात मिसळत नाही ही कटकट इथेही सुटत नाही. कोणी ट्वीन ८० घालतं, कोणी डीएमएसओ. पण ट्वीन तेलाचे थेंब स्वतःमध्ये धरून ठेवतो, त्यामुळे काही तेलांची क्रिया कमी दिसते. ऑस्ट्रेलियातल्या मान आणि मार्कहॅम यांनी १९९८ मध्ये यावर साधा उपाय दिला: ब्रॉथमध्येच ०.१५ टक्के आगर घालायचं. ते घट्ट होत नाही, पण थेंबांना लगेच वर तरंगू देत नाही. आणि तेलामुळे ब्रॉथ गढूळ होतो म्हणून वाढ नजरेने न ठरवता रेझाझुरिन वापरायचं. जिवंत जिवाणू असले की निळ्याचा गुलाबी होतो. तुम्ही काहीही वापरा, पण नुसत्या ट्वीनची किंवा डीएमएसओची एक रांग हवीच. ती नसेल तर प्लेट वाचण्यात अर्थ नाही.

गवती चहाचा वास

आता माझी फजिती. दुसऱ्या वर्षी मी प्लेट वाचवण्याच्या नादात एकाच प्लेटवर दोन तेलं लावत होते. पहिल्या सहा स्तंभांत लवंग, सातव्यापासून गवती चहा. दोन्ही जास्तीकडून कमीकडे. म्हणजे लवंगेची सगळ्यात पातळ संहती सहाव्या स्तंभात आणि तिला खेटून सातव्यात गवती चहाची सगळ्यात दाट.

सकाळी प्लेट बघितली तर लवंगेचे पहिले दोन स्तंभ निळे, तिसरा, चौथा, पाचवा गुलाबी. इथपर्यंत ठीक. पण सहावा पुन्हा निळा! जास्त तेलात वाढलेले जिवाणू कमी तेलात मेले कसे? मला वाटलं पिपेटिंग चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच, आणि या वेळी पाचवाही जांभळट. मी ब्रॉथ बदलला, जिवाणूंचं नवीन कल्चर घेतलं, मल्टिचॅनल पिपेट तपासून घेतलं. सहामाही प्रगती अहवाल तीन आठवड्यांवर आला होता आणि माझ्याकडे असा आलेख होता जो खाली जाऊन पुन्हा वर येत होता. एका रात्री तर मी त्या उताराला 'कमी मात्रेचा विरोधाभासी परिणाम' असं नावही देऊन टाकलं. स्लाइड बनवली. आज आठवलं की घाम फुटतो.

मॅडमनी स्लाइड पाहिली आणि म्हणाल्या, "प्लेट आण." आणली. त्यांनी झाकण उचललं, नाक जवळ नेलं आणि म्हणाल्या, "चहा टाकलायस का गं?"

सगळ्या प्लेटला गवती चहाचा वास येत होता. तेल बाष्पनशील आहे हे मी प्रस्तावनेच्या पहिल्या वाक्यात लिहिलं होतं, पण प्रयोग करताना ते विसरले होते. सातव्या स्तंभातल्या तेलाची वाफ शेजारच्या वेलमध्ये उतरत होती आणि तिथले जिवाणू गवती चहाने मरत होते, लवंगेने नाही. पुढच्या वेळी एका प्लेटवर एकच तेल घेतलं, वेल फिल्मने बंद केले, तेल नसलेली वाढीची रांग सगळ्यात दाट संहतीपासून लांब ठेवली आणि मुद्दाम एक तशीच रांग जवळही ठेवली. फिल्मखाली दोन्ही गुलाबी आल्या. फिल्मशिवाय जवळची निळी.

दोन महिन्यांचे आकडे फेकावे लागले. तेलही उडत असल्यामुळे काही जुन्या एमआयसी खऱ्यापेक्षा जास्त आल्या होत्या आणि शेजारच्या वाफेमुळे काही कमी. कोणती कुठल्या बाजूला चुकली हे सांगायला मार्ग नव्हता. अहवालात मी तसंच लिहिलं. बैठकीत एका परीक्षकांनी विचारलं, "मग दोन महिने केलंत काय?" यावर मी जे उत्तर दिलं ते फारसं चांगलं नव्हतं.

बाटलीत नक्की काय आहे?

"ओव्याचं तेल" हे रासायनिक नाव नाही. ओव्याच्या तेलात मुख्य घटक थायमॉल, सोबत गॅमा-टर्पिनीन आणि पॅरा-सायमीन. पण त्यांचं प्रमाण बियाणं, जमीन, कापणीची वेळ, साठवण यांनुसार बदलतं. थाइमच्या बाबतीत तर एकाच प्रजातीच्या काही झाडांच्या तेलात थायमॉल मुख्य, काहींत कार्व्हॅक्रॉल, काहींत लिनालूल. बाजारातल्या तेलात कृत्रिम घटकांची भेसळ असते ती वेगळीच. म्हणून जीसी-एमएसचा अहवाल नसलेली एमआयसी दुसऱ्या कोणाच्याच कामाची नाही. अहवाल त्याच बाटलीचा हवा, मागच्या वर्षीच्या बाटलीचा नाही. पैसे कमी असतील तर तीन तेलं कमी करा, पण ही चाचणी कमी करू नका.

घरोघरी असलेली अमृतधारा आठवा. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर हे तीन कोरडे पदार्थ एकत्र केले की त्यांचं पाणी होतं. त्यातलं ओव्याचं फूल म्हणजेच थायमॉल. घटक माहीत असले की शुद्ध थायमॉल वेगळा तपासता येतो आणि तेलाची क्रिया त्याच्याएवढीच आहे की इतर घटक भर घालतात, हे कळतं. कार्व्हॅक्रॉल आणि पॅरा-सायमीन यांच्या बाबतीत नेदरलँड्समध्ये बॅसिलस सेरियसवर झालेलं काम बघा. पॅरा-सायमीन एकटा फारसं काही करत नाही, पण तो पेशीपटलात शिरून ते फुगवतो आणि कार्व्हॅक्रॉलला आत जाणं सोपं करतो.

ही तेलं मारतात ती मुख्यतः याच मार्गाने. स्निग्ध रेणू पेशीपटलात घुसतात, पटल गळू लागतं, पोटॅशियमसारखे आयन बाहेर येतात, आत-बाहेरचा विद्युत आणि आम्लतेचा फरक ढासळतो आणि पेशीची ऊर्जा बनवण्याची सोय बंद पडते. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असल्यामुळे ते सहसा जास्त चिवट. त्यातही स्यूडोमोनास सगळ्यांत हट्टी, कारण आत शिरलेलं तेल तो पंपांनी बाहेर फेकतो.

आणि इथेच प्रस्तावनेतलं एक लाडकं वाक्य अडचणीत येतं: "तेलात अनेक घटक असल्यामुळे जिवाणूंना त्याविरुद्ध प्रतिरोध निर्माण करता येत नाही." हे वाक्य मीही लिहिलं होतं. १९९७ मध्ये अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांच्या गटाने ई. कोलायला पाइन तेल असलेल्या माध्यमावर वाढवलं. पाइन तेल म्हणजे आपल्याकडच्या पांढऱ्या फिनेलमध्ये असतं ते. त्यातून वाचलेल्या काही जिवाणूंमध्ये 'मार' नावाची जनुकव्यवस्था जास्त चालू झालेली आढळली. त्यामुळे बाहेर फेकणारे पंप वाढतात, आणि ते जिवाणू टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल अशा प्रतिजैविकांनाही थोडेफार कमी दाद देऊ लागले होते. म्हणजे तेलाने प्रतिजैविकाचा प्रतिरोध निवडून काढला. प्रतिरोधाची पातळी फार मोठी नव्हती, पण "येतच नाही" म्हणायची सोय राहिली नाही. तुमच्या प्रबंधात हे वाक्य असेल तर आजच खोडा. जमलं तर त्याची चाचणी करा: एमआयसीच्या खालच्या संहतीत जिवाणू वीस-तीस वेळा पुढे वाढवत न्या आणि शेवटी तेलाची आणि प्रतिजैविकांची, दोन्हींची एमआयसी पुन्हा काढा. स्वस्त प्रयोग आहे आणि फार कमी जण करतात.

प्लेटच्या बाहेर

समजा एमआयसी चांगली आली. आता ती संहती रोग्याच्या शरीरात जिथे जिवाणू आहेत तिथे पोचायला हवी. थाइमचा अर्क पोटातून दिल्यावर थायमॉलचं काय होतं हे जर्मनीत निरोगी स्वयंसेवकांवर पाहिलं गेलं. रक्तात मुक्त थायमॉल सापडलाच नाही, सापडला तो त्याचा सल्फेट. शरीर त्याला लगेच बांधून बाहेर काढायच्या मार्गाला लावतं. मात्रा वाढवू म्हणाल तर तेच पेशीपटल फोडणं आपल्या पेशींनाही लागू होतं. लहान मुलांनी चुकून लवंगेचं तेल प्यायल्याने यकृताला गंभीर इजा झाल्याच्या आणि कापरामुळे झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून रक्तातल्या जंतुसंसर्गावर ओव्याचं तेल हे वाक्य प्रबंधात नको. ते वाचून कोणी घरी प्रयोग केला तर?

त्वचा, तोंड, जखमेचा पृष्ठभाग, जमिनी, उपकरणं इथे मात्र गोष्ट वेगळी आहे. लिस्टरीनच्या मूळ सूत्रात ०.०६४ टक्के थायमॉल असतो, म्हणजे मिलिलिटरला सुमारे ६४० मायक्रोग्रॅम. रक्तात अशक्य असलेला आकडा तोंडात अर्धा मिनिट सहज चालतो, कारण नंतर आपण थुंकतो. टी ट्री तेलाची तर प्रत्यक्ष रुग्णांवर चाचणी झाली आहे. इंग्लंडमध्ये २२४ एमआरएसए-वाहक रुग्णांवर झालेली ती चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. टी ट्री गटात ४१ टक्के आणि नेहमीच्या उपचाराच्या गटात ४९ टक्के रुग्ण एमआरएसएमुक्त झाले. एकूणात फरक लक्षणीय नव्हता. नाकातले जिवाणू काढण्यात मात्र म्युपिरोसिन स्पष्टपणे सरस ठरलं, ७८ विरुद्ध ४७ टक्के. आणि त्वचेवर टी ट्री जास्त चांगलं. मला हा पेपर आवडतो, कारण त्यात तेल कुठे जिंकलं आणि कुठे हरलं हे दोन्ही दिसतं.

सध्या माझं काम तिसऱ्या वाटेने चाललंय: तेल प्रतिजैविकाऐवजी नव्हे, त्याच्या सोबत. थायमॉल आणि कार्व्हॅक्रॉल ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचं बाहेरचं पटल सैल करतात, मग एरवी आत न जाऊ शकणाऱ्या औषधाला फट मिळू शकते. हे मोजायचं चेकरबोर्ड प्लेटने. आडव्या दिशेला औषध, उभ्या दिशेला तेल. समजा औषधाची एकट्याची एमआयसी ३२ आणि सोबत ४ झाली, तर भागाकार ०.१२५. तेलाची १०२४ वरून २५६, म्हणजे ०.२५. बेरीज ०.३७५. ही बेरीज ०.५ किंवा कमी असेल तर सहक्रिया म्हणायची, ४ च्या वर गेली तर विरोध, आणि मधलं सगळं "काही विशेष नाही".

पण सांभाळा. या पद्धतीत एक पायरी इकडे-तिकडे होणं नेहमीचंच मानतात. वरच्याच उदाहरणात दोन्ही एक-एक पायरी सरकल्या, म्हणजे ४ ऐवजी ८ आणि २५६ ऐवजी ५१२ आलं, तर बेरीज ०.७५ आणि सहक्रिया गायब. एका प्लेटवरची सहक्रिया म्हणून मी कोणालाच सांगत नाही. वेगवेगळ्या दिवशी तीनदा आली तर मॅडमना दाखवते आणि मग वेळेनुसार जिवाणू मोजत टाइम-किल करते. आणि हो, चेकरबोर्डमध्येही वाफ उडतेच. तेलाचे सगळ्यात दाट वेल कोणाच्या शेजारी येतात ते आधी कागदावर काढून बघा.

त्या मुलीला मी यातलं निम्मंच सांगितलं. तिने तिथेच मोबाइलवर ९००० भागिले १० केलं, जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग माझ्या प्रोजेक्टचं नाव बदलावं लागेल." बदलू या म्हटलं, फोटो मात्र ठेव, प्राथमिक चाचणी म्हणून तो चालेल. सोमवारी तिची पहिली मायक्रोप्लेट आहे. ओव्याचं तेल एकटंच, वर फिल्म लावून. गवती चहाची बाटली मी आधीच दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली आहे.